‘पेशीसंवाद’ वाढवणारी पावडर : डब्यावरचे विज्ञान आणि डब्यातला माल

कंपवात झालेल्या माणसाच्या घरात असा एखादा डबा कधी ना कधी येतोच. चिपळूणच्या एका मेडिकलमधून आणलेला, १,६५० रुपयांचा हा डबा आमच्याकडे सासऱ्यांसाठी एका स्नेह्यांनी सुचवला म्हणून आला. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण जवळपास याच घटकांचे आणखी दोन डबे त्याच फळीवर शेजारी होते आणि पुढे लिहिलेले त्यांनाही तितकेच लागू पडते.

डब्यावर ठळक अक्षरांत लिहिले आहे, की ही पावडर तंतुकणिका आणि आंतर्द्रव्यजालिका यांच्यातील संपर्क वाढवून मेंदूच्या पेशींना ऊर्जा देते. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असल्यामुळे हे वाक्य वाचून मी थबकले. तंतुकणिका म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारी मायटोकॉन्ड्रिया, आणि आंतर्द्रव्यजालिका म्हणजे प्रथिने व मेदद्रव्ये बनवणारे पेशीतील पडद्यांचे जाळे. आपल्या पाठ्यपुस्तकांतील आकृत्यांत पेशीअंगके सुटी सुटी पोहत असल्यासारखी दिसतात. प्रत्यक्षात ही दोन अंगके अनेक ठिकाणी एकमेकांपासून अवघ्या १० ते ३० नॅनोमीटरवर येऊन थांबतात. त्यांची आवरणे एकजीव होत नाहीत. धक्क्याला दोरांनी बांधलेल्या होडीसारखी ती प्रथिनांच्या साहाय्याने जवळ धरलेली असतात आणि त्या अरुंद फटीतून कॅल्शियम व मेदद्रव्यांची देवाणघेवाण चालते. जैवरसायनशास्त्रज्ञ जीन व्हान्स यांनी १९९० साली आंतर्द्रव्यजालिकेचा तंतुकणिकांना चिकटलेला भाग वेगळा काढून तेथे मेदद्रव्ये तयार होतात हे दाखवले, तेव्हापासून या जागांचा अभ्यास वाढत गेला. तंतुकणिकेला ऊर्जानिर्मितीसाठी थोडे कॅल्शियम लागते, पण ते प्रमाणाबाहेर शिरले तर पेशी मरते. त्यामुळे चेतापेशीसारख्या लांबलचक आणि आयुष्यभर टिकायच्या पेशीत या जागांचे महत्त्व फार मोठे आहे. म्हणजे जाहिरातीतील विषय खोटा नाही.

खोट आहे ती ‘वाढवते’ या क्रियापदात. हे संपर्क घट्ट धरणाऱ्या प्रथिनांपैकी एक म्हणजे व्हीएपीबी. त्याच्या जनुकातील बदलामुळे एएलएस हा स्नायू दुबळे करत नेणारा आजार होऊ शकतो, हे २००४ साली ब्राझीलमधील कुटुंबांच्या अभ्यासातून समोर आले. कंपवातात चेतापेशींत साचणारे अल्फा-सिन्युक्लीन हे प्रथिनही व्हीएपीबीला चिकटून हे बंध सैल करते, असे प्रयोगशाळेतील पेशींवर दिसले आहे. एवढेच वाचले तर संपर्क वाढवणे हिताचे वाटेल. परंतु अल्झायमरच्या रुग्णांच्या त्वचेपासून वाढवलेल्या पेशींत २०१२ साली नेमके उलटे आढळले : तेथे हे संपर्क नेहमीपेक्षा जास्त आणि अधिक क्रियाशील होते. तंतुकणिका आणि लयकारिका (पेशीतील टाकाऊ पदार्थ पचवणाऱ्या पिशव्या) यांच्यातील संपर्काचीही हीच कथा आहे. कंपवाताशी निगडित असलेल्या जीबीए१ या जनुकात दोष असलेल्या चेतापेशींत ही अंगके एकमेकांना चिकटून वाजवीपेक्षा जास्त वेळ राहतात. तेव्हा कोणता संपर्क, कोणत्या आजारात आणि कोणत्या दिशेने बदलायचा, हे न सांगता सरसकट ‘वाढवते’ म्हणणे विज्ञानाला धरून नाही. शिवाय पोटात घेतलेल्या पावडरीने जिवंत माणसाच्या मेंदूतील ही नॅनोमीटरची फट बदलली, हे दाखवणारी कोणतीही साधी तपासणी दवाखान्यात उपलब्ध नाही.

घटकांच्या यादीत पेशीच्या ऊर्जानिर्मितीत मदत करणारे कोएन्झाइम क्यू१० व क्रिएटीन, दुधातील प्रथिने आणि कवचबीजाचा अर्क आहे. पहिल्या दोघांची कंपवातावर मोठी चाचणी झालेली आहे. कोएन्झाइम क्यू१० रोज १,२०० किंवा २,४०० मिलिग्रॅम इतक्या मोठ्या मात्रेत देऊन ६०० रुग्णांवर घेतलेली चाचणी फायदा होण्याची शक्यता दिसेना म्हणून २०११ साली थांबवण्यात आली, आणि १,७४१ रुग्णांवरील क्रिएटीनची चाचणीही याच कारणाने २०१३ साली बंद झाली. आमच्या डब्यात एका चमच्यामागे कोएन्झाइम आहे १०० मिलिग्रॅम.

खरी काळजी कवचबीजाची आहे. कवचबीज म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यानंतर गडग्यावर चढलेली, शेंगेला हात लागला की अंगाची आग करणारी खाजकुयली. तिच्या बियांत साधारण चार ते सहा टक्के लेव्होडोपा असते, म्हणजे कंपवाताच्या गोळीत असते तेच औषध. गोळीत त्याच्या जोडीला कार्बिडोपा, म्हणजे लेव्होडोपा मेंदूत पोचण्याआधी वाया जाऊ न देणारे द्रव्य, असल्याने बाहेरून आलेल्या लेव्होडोपाचाही जोर वाढतो. डब्यावर अर्काचे वजन आहे, त्यातील लेव्होडोपाचे नाही. त्याच डब्यातील दुधाची प्रथिने पुन्हा वेगळाच खेळ करतात, कारण प्रथिनांतून सुटणारी काही अमिनो आम्ले आणि लेव्होडोपा आतड्यातून एकाच वाटेने आत शिरतात. याच कारणाने सासऱ्यांची दुपारची गोळी माशांच्या जेवणाआधी अर्धा तास द्यायची, ही आमच्या घरची जुनी शिस्त आहे. पावडर मात्र सूचनेप्रमाणे सकाळी कोमट दुधातून, गोळीच्या पाठोपाठ दिली गेली. एरवी गोळीनंतर पाऊण तासात शर्टाची बटणे स्वतः लावणारे सासरे दुसऱ्या बटणाशीच अडून बसू लागले आणि दुपारी मात्र, लेव्होडोपा जास्त झाल्यावर होते तसे, त्यांची मान व खांदा आपोआप वळू लागले. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तपासण्याआधी डब्याची मागची बाजू वाचली आणि पावडर त्याच दिवशी बंद केली. पुढच्या आठवड्यात बटणे पूर्ववत लागू लागली.

बाकी बाबी किरकोळ आहेत. चव बरी आहे, वेलची जरा जास्त आहे. झाकण नीट बसत नसल्याने जुलैच्या हवेत आत सिलिकाची पुडी असूनही पावडरीचे खडे झाले. ‘औषधी वापरासाठी नाही’ ही ओळ तळाशी इतक्या बारीक अक्षरांत आहे, की ज्यांच्यासाठी हा माल विकला जातो त्या वयाच्या माणसाला ती चष्मा लावूनही वाचता येणार नाही. मेडिकलवाल्यांबद्दल तक्रार नाही. सोबत घेतलेला दुसरा, न उघडलेला डबा त्यांनी पूर्ण पैसे देऊन परत घेतला आणि लेव्होडोपाची चिठ्ठी घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला आता ते हा डबा स्वतःहून दाखवत नाहीत.

घरात कंपवाताची गोळी चालू असेल, तर कवचबीज असलेली कोणतीही पावडर डॉक्टरांना डबा दाखवल्याशिवाय सुरू करू नये. पाचपैकी एक तारा देते, तोही घटकांची यादी मराठीत छापली आहे म्हणून.