काउंटरचा आकडा की गेस्टबुकमधली ओळ?

१९९० च्या दशकात इंटरनेटवर जिओसिटीजसारख्या मोफत जागेवर स्वतःचं वेबपान थाटणाऱ्याला वाचक आले की नाही, हे कळायचे दोन मार्ग होते. तळाशी बसवलेला काउंटर सोपा, पण भोळा. पान उघडलं की आकडा वाढला, उघडणारा कोणीही असो. मालकानेच दहादा रिफ्रेश केलं तरी दहा! काहीजण तर मोजणी हजारापासून सुरू करायचे, दुकान रिकामं दिसू नये म्हणून. दुसरा मार्ग गेस्टबुक, म्हणजे पानावर येणाऱ्यांनी अभिप्राय लिहायची वही. तिच्यात नोंदी मोजक्याच, त्याही बऱ्याचदा ‘छान आहे’ एवढ्याच. तरी माझं मत तिलाच. आकड्याने चढलेला हुरूप दुसऱ्या दिवशी तो हलला नाही की उतरायचा. पण कुणा अनोळख्याने ‘तिसरी लिंक तुटलीय’ असं लिहिलं, की त्याच रात्री जागून पान दुरुस्त व्हायचं.