डेझी चेन घेऊ की आयसोलेटेड सप्लाय?

भुसावळच्या एका ऑर्केस्ट्रातल्या पोराचा प्रश्न: गिटारचा आवाज बदलणारी पाच पेडलं झाली, एकाच अडॅप्टरवर डेझी चेन (एका अडॅप्टरची वीज सगळ्यांना वाटणारी तार) चालेल का, की आयसोलेटेड सप्लाय (प्रत्येकाला वेगळी वीज देणारा डबा) घेऊ?

पैशांत तुलनाच नाही. चेन काही शेंत येते, सप्लायला काही हजार मोजावे लागतात.

खरा फरक आवाजात आहे, भाऊ. चेनवर सगळ्या पेडलांना वीज एकाच तारेतून जाते. नुसती ॲनालॉग ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारी पेडलं) असतील तर ती थोडकेच मिलिअँपिअर, म्हणजे थोडकीच वीज, खातात, कुरकुर करत नाहीत. डिजिटल डिले (आवाजाचा प्रतिध्वनी देणारं पेडल) जोडला की त्याची चिरचिर त्याच तारेतून इतरांत शिरते आणि डिस्टॉर्शनचं पेडल (आवाज आणखी फाडणारं) ती मोठी करून ऐकवतं. आयसोलेटेडमध्ये प्रत्येक आउटपुट वेगळं, ही वाटच बंद. डब्यावरची जाहिरात सोडा, प्रत्येक आउटपुटचे मिलिअँपिअर वाचा, पेडलाला पुरतात का बघा.

मांडवातल्या डिमर लाइटमुळे सिंगल कॉइल पिकअप (गिटारच्या तारांचा आवाज पकडणारा एक प्रकारचा भाग) गुणगुणत असेल, तर दोन्ही निरुपयोगी. आणि गुणगुण घालवायला अर्थिंगची पिन कापा म्हणणाऱ्याला हात जोडा; जिवावर बेतेल.

घरी रियाज, दोन-तीन ॲनालॉग पेडलं: चेन. एखादंच डिजिटल असेल तर बाकी चेनवर, त्याला स्वतंत्र अडॅप्टर. डिले-रिव्हर्ब (रिव्हर्ब म्हणजे घुमारा देणारं पेडल) घेऊन स्टेजवर जाणाऱ्याने आयसोलेटेडच घ्यावा.