आठ महिने, नऊ तिकिटं

कागदपत्रं ऑनलाइन साठवायची एक सेवा मी आठ महिन्यांपासून पैसे भरून वापरतेय. तिची जागा, वेग, दिसणं याबद्दल लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय. माझा विषय वेगळा आहे: साइट बिघडली की पुढे काय होतं? घेताना मी हे कुणाला विचारलं नव्हतं. आतापर्यंत माझ्या नऊ तक्रारी झाल्या; प्रत्येक तक्रारीच्या नोंदीला ते ‘तिकीट’ म्हणतात. सहा सुटल्या, एकीत चूक माझीच निघाली, एक आपोआप बंद झाली आणि एक अजून चालू आहे.

आपोआप बंद झालेली होती ती पहिलीच. मी लिहिलं होतं, ‘फाइल अपलोड होत नाही, कृपया लवकर बघा.’ उत्तर आलं: कॅशे (ब्राउझरने साठवून ठेवलेल्या साइटच्या जुन्या प्रती) साफ करा, दुसरा ब्राउझर वापरून बघा. मी रागावून उत्तरच दिलं नाही. तीन दिवसांनी ‘समस्या सुटली असे समजून तिकीट बंद करत आहोत’ असा मेल आला. ही पद्धत मला आजही पटत नाही. गिऱ्हाईक गप्प बसलं म्हणजे त्याचं काम झालं, असं कुठे असतं? पण माझा तो निरोप आता वाचला की थोडी लाजही वाटते. कुठली फाइल, केवढी, किती वाजता, पडद्यावर काय आलं, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं.

महिन्याभराने तोच प्रकार परत झाला तेव्हा पडद्यावरचा ५०४ हा आकडा मी टिपून ठेवला. चारशेच्या घरातला आकडा बहुधा आपल्या मागणीत काहीतरी खटकतंय असं सांगतो: पत्ता चुकलाय, लॉगिन संपलंय, परवानगी नाही. पाचशेच्या घरातला आला की गडबड त्यांच्या बाजूला. ५०४ म्हणजे पुढच्या सर्व्हरने मागच्याची वाट पाहिली आणि तो वेळेत बोललाच नाही. मी माझा कॅशे कितीही घासूनपुसून साफ केला तरी त्याला काय फरक पडणार? या वेळी फाइलचा आकार दिला, मिनिटापर्यंत वेळ दिली आणि ती कुठल्या टाइम झोनची तेही लिहिलं, कारण सर्व्हरच्या नोंदी बहुतेक ठिकाणी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात. दुसऱ्याच दिवशी माणसाने लिहिलेलं उत्तर आलं, ‘नोंद सापडली.’ चार दिवसांत दुरुस्तीही झाली.

माझी चूक निघाली ते तिकीट थोडक्यात सांगते. ‘जतन करा’ बटण दाबलं तरी काही होत नव्हतं. त्यांनी प्रायव्हेट विंडोत उघडायला सांगितलं, तिथे बटण चाललं. त्या विंडोत एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम, सहसा बंद असतात. जाहिराती अडवायला मीच बसवलेलं एक्स्टेन्शन साइटचा कोडही अडवत होतं. हे मी तसंच कळवलं. आता तक्रार करण्याआधी ही एक तपासणी मी स्वतःच उरकते.

खरी करमणूक झाली ती ‘ॲ’मुळे. मी भाषांतराचं काम करते, फाइलींची नावं मराठीत ठेवते. ‘ॲल्युमिनियम’ शोधलं तर त्या नावाची फाइल डोळ्यांसमोर असूनही शोधात येईना. स्क्रीनशॉट पाठवला. उत्तर: ‘चित्रात दोन्ही शब्द सारखेच दिसतात, नेमका प्रश्न काय?’ प्रश्न नेमका तोच होता! फाइलच्या नावात ‘अ’वर वेगळा चंद्र दिलेला होता, म्हणजे युनिकोडमध्ये (संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत) यू+०९०५ आणि यू+०९४५ अशी दोन चिन्हं. शोधताना माझ्या कीबोर्डने यू+०९७२ हे एकच अक्षर दिलं. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या मजकुरात अ-अधिक-चंद्र सर्रास सापडतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला दोन वेगळे शब्द. हे सगळं इंग्रजीत समजावायला मला अख्खी संध्याकाळ लागली, कारण तक्रार इंग्रजीतच घेतात. स्क्रीनशॉट इथे उपयोगाचा तर नव्हताच, उलट दिशाभूल करत होता. दोन्ही शब्द मजकूर म्हणून चिकटवले आणि शेजारी त्यांचे क्रमांक लिहिले, तेव्हा गाडी पुढे सरकली. दुरुस्तीला सात आठवडे लागले, पण त्यांनी ती केली. त्याबद्दल पूर्ण गुण.

एका गोष्टीचे गुण मात्र कापते. एका तिकिटात त्यांनी हार फाइल मागितली. गळ्यातला हार नव्हे, ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीची नोंद. तिच्यात सेशनच्या कुकीज, म्हणजे आपण लॉगिन केलंय हे साइटला पटवणाऱ्या खुणा असू शकतात, आणि त्या ज्याच्या हाती पडतील तो पासवर्डशिवाय आपल्या खात्यात शिरू शकतो. २०२३ मध्ये ओक्टा या कंपनीच्या सपोर्ट यंत्रणेत हल्लेखोर घुसले, तेव्हा ग्राहकांनी पाठवलेल्या अशाच फाइलींमधून त्यांना सेशन टोकन, म्हणजे लॉगिनच्या तशाच खुणा मिळाल्या होत्या. इतकी नाजूक फाइल मागताना सावधगिरीची एक ओळसुद्धा लिहिलेली नव्हती. मी ती आधी साध्या एडिटरमध्ये उघडली, कुकीच्या ओळी पुसल्या, खात्यातून लॉगआउट केलं आणि मगच पाठवली. काही ब्राउझर आता असा तपशील वगळूनच ही फाइल देतात, तरी उघडून बघितल्याशिवाय पाठवू नका.

चॅटबॉटबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तीनदा ‘माणूस हवा’ म्हटलं की तो बाजूला होतो.

सेवा सोडणार का? नाही. माणसापर्यंत पोहोचलं की तिथली माणसं काम करतात, पण पोहोचायला लागणारी तयारी आपणच करायची असते. माझ्यासारखीला ती जमली. ज्याला नुसतं ‘चालत नाही’ एवढंच सांगता येतं, त्याच्यासाठी यांच्याकडे काही सोय नाही.

नववं तिकीट उघडंच आहे. ‘ॲ’ सुटला तसा ‘ऱ्य’ अडकला. तोही दोन तऱ्हांनी टाइप होतो, एकात ‘ऱ’ आणि दुसऱ्यात ‘र’ आणि अक्षरं जोडणारं एक न दिसणारं चिन्ह. शोधात न येणारी फाइल आहे ‘वाऱ्यावर’. क्रमांक पहिल्याच निरोपात लिहून पाठवलेत. आज सहावा दिवस.