सीओपीडी आणि बोटातलं ऑक्सिमीटर: एका हिवाळ्याचा अनुभव

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते. वय सत्तरीच्या घरात, सीओपीडी आहे, म्हणजे श्वासाच्या वाटा अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार. बिडी-सिगारेट कधी शिवले नाही; माहेरी आणि सासरी चुलीच्या धुरात गेलेली वर्षं भोवली, असं डॉक्टर म्हणतात. दिवाळीनंतर मुलाने अंगठीसारखं घालायचं ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं यंत्र, आणलं. ते रात्रभर नोंद ठेवतं आणि सकाळी मोबाइलवर आलेख दिसतो. आता उन्हं तापायला लागली, म्हणजे एक अख्खा हिवाळा वापरून झाला.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो आंघोळीच्या बाबतीत. दवाखान्यात खुर्चीवर बसून माझा आकडा 93 यायचा आणि सगळं ठीक ठरायचं. घरी आंघोळीहून येऊन लगेच पाहिलं तर 85! डोक्यावर पाणी घ्यायला हात वर गेले की श्वासाला मदत करणारे खांद्या-मानेचे स्नायू त्यातच अडकतात, तोंडावर पाणी येताना श्वास रोखला जातो, वर पाटावरून उठायचं. आता स्टुलावर बसते, पाणी खांद्यावरून घेते, केस सूनबाई धुऊन देते. मधूनमधून ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडते. आकडा हल्ली 88-89 च्या खाली क्वचितच जातो.

थंडीत मात्र हे यंत्र फार घाबरवतं. जानेवारीत, धुक्याच्या दिवसांत, आमच्या जुन्या दगडी घरात बोटं गारठतात. एका पहाटे 79 दिसलं आणि मुलगा गाडी काढायला धावला. हात शालीत गुंडाळून बसले, थोड्या वेळाने 91. लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातल्या धडधडत्या रक्तातून जातो, त्यावर हा हिशोब चालतो; गारठ्याने रक्तवाहिन्या आकसल्या की ठोकाच नीट मिळत नाही. म्हणून आकड्याआधी नाडी पाहा, ती वेडीवाकडी दिसली तर आकडा सोडून द्या. उलटी चूकही होते: गडद त्वचेवर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो, हे अमेरिकेतल्या 2020 च्या अभ्यासात ठळकपणे दिसलं. आपल्याकडच्या सावळ्या माणसांनी हे ध्यानात ठेवायलाच हवं.

अलार्म 90 वर लावून आला होता. रात्रभर थरथर, झोपेचं खोबरं. डॉक्टरांना विचारून तो खाली आणला, कारण रक्तात कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्या आमच्यासारख्यांसाठी ऑक्सिजन देताना 88 ते 92 हेच लक्ष्य धरतात. घरी सिलिंडर किंवा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं मशीन) असेल तर हे कळकळीने सांगते: आकडा 97-98 करायच्या नादात ऑक्सिजन परस्पर वाढवू नका. कार्बन डायऑक्साइड वाढून माणूस गुंगीत जातो, आणि ऑक्सिमीटरला तो वायू दिसतच नाही.

रात्रीचा आलेख पहाटे खाली घसरायचा. शेजारपाजारचे म्हणाले, मशीन घेऊन टाका. डॉक्टरांनी आधी मनगटातल्या धमनीतून रक्त काढून तपासलं. सुई दुखते, पण निर्णय त्याच आकड्यावर होतो: स्थिर तब्येतीत रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब (हा ऑक्सिमीटरचा टक्का नव्हे, मिलिमीटर पाऱ्यात मोजतात) 55 किंवा खाली असेल तर रोज किमान 15 तास ऑक्सिजन. माझा त्याच्या बराच वर आला, मशीन लागलं नाही. इनहेलर तेवढा बदलला.

घेणार असाल तर नोंद साठवणारं घ्या, आणि पहिल्या आठवड्यात डॉक्टरांच्या ऑक्सिमीटरशेजारी ठेवून दोन्ही आकडे ताडून पाहा.