नऊ महिने, तेवीस कार्यक्रम: गावच्या कलाकेंद्राचं सभासदत्व घ्यावं का?

गेल्या जुलैत ₹१,२०० भरून मी गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका छोट्या कलाकेंद्राची वार्षिक सभासद झाले. केंद्राचं नाव लिहीत नाही. खाली बरंच ऐकवणार आहे आणि ती मंडळी मला आठवड्यातून तीनदा बाजारात भेटतात. कुळागराच्या कडेचं सुपारीचं जुनं कोठार, त्याला लागून अंगण, अंगणात चिऱ्यांचा ओटा. तोच रंगमंच. आत जेमतेम सव्वाशे खुर्च्या. आमच्या घरापासून स्कूटरने दहा मिनिटं, हे माझ्या दृष्टीने निम्मं कारण. पणजीला कला अकादमीत एखादा कार्यक्रम बघायचा तर जाऊन-येऊन साठ किलोमीटर होतात आणि परतीची बस चुकली की नवऱ्याला फोन.

सभासदाला दोन माणसांचा प्रवेश, पुढच्या दोन रांगा राखीव, वर्गांच्या फीमध्ये सवलत आणि दर महिन्याच्या २५ तारखेला पुढच्या कार्यक्रमांचं पत्रक व्हॉट्सअॅपवर. त्यातलं पहिलं मिळालं, सवलतही मिळाली.

पत्रकाचं आधी सांगते. २५ म्हणजे २ तारीख समजा. वर उद्घाटकांचा फोटो हातभर, खाली वेळ मुंगीएवढी. ऑक्टोबरात "सायं. ६ वा." वाचून मी आणि आई (माझ्या सासूबाई) सहाला पोचलो तर दाराला कुलूप. राखणदार शांतपणे म्हणाला, "सहा म्हणजे साडेसात, बाय." तोपर्यंत आम्ही गाड्यावर बसून मिरची भजी खाल्ली, त्यामुळे संध्याकाळ अगदीच वाया गेली असं नाही. मी वहीत नोंद ठेवली आहे: तेवीस कार्यक्रमांपैकी पाचांची तारीख बदलली आणि त्यातल्या दोनांचं आम्हाला दारात गेल्यावर कळलं. आणखी दोन जाहीर झाले आणि झालेच नाहीत. ते तेवीसात धरलेले नाहीत.

दुसरी तक्रार आवाजाची, आणि ही मनापासून आहे. केरी आमच्याच तालुक्यात, केसरबाई केरकरांचं गाव. मंगेशीही आमचीच, दीनानाथ मंगेशकरांची आणि अभिषेकीबुवांची. इतक्या मोठ्या गळ्यांच्या तालुक्यात साउंडवाला प्रत्येक गाण्याला इको लावतो. भजन असो, ख्याल असो, निवेदन असो, सगळं विहिरीतून येतं. एका बैठकीत गायिकेने तीन वेळा हाताने खूण केली, तर त्याने तीन वेळा आवाज वाढवला.

पावसाळ्यात तर तोही ऐकू येत नाही. प्रेक्षकांच्या निम्म्या भागावर पत्रे आहेत. जुलैच्या शेवटच्या शनिवारी बैठक रंगात आली आणि असा पाऊस कोसळला की तबलजीला आपला ठेका दिसत होता, ऐकू येत नव्हता. गायिकेने माइक बाजूला ठेवला. मागून कुणीतरी मल्हाराची फर्माईश केली. बाई म्हणाल्या, "तो चालूच आहे की. मी कशाला मध्ये येऊ?" दहा-बारा मिनिटं सगळे नुसते बसून राहिले. पत्रकात नसलेली ती दहा मिनिटं मला त्या महिन्यातल्या सगळ्या दीपप्रज्वलनांपेक्षा जास्त लक्षात आहेत.

आता गुरुवारचं. हे पत्रकात कोपऱ्यात एका ओळीत असतं, "घुमट वर्ग, दर गुरुवारी", आणि माझ्या मते पैसे वसूल होतात ते इथेच. माझा अकरा वर्षांचा मुलगा चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी दीड महिना गेला. घुमट म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेला मातीचा घडा. मोठ्या तोंडावर चामडं ताणलेलं, लहान तोंड मोकळं. उजव्या हाताने वाजवायचं आणि डाव्या तळव्याने ते लहान तोंड झाकत-उघडत राहायचं, मग आवाज घुमतो. पोरांचा उजवा हात आठवड्यात तयार होतो, डावा महिनाभर ऐकत नाही. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण असल्यामुळे आता बकऱ्याचं. ते दमट हवेत सैल पडतं. म्हणून ऑगस्टमधल्या गुरुवारी वर्गात शिरलं की आधी दिसायचं ते हे: टेबलावर पिवळा बल्ब असलेला दिवा, त्याच्याभोवती सात-आठ घुमटं चुलीभोवती मांजरं बसावीत तशी कलंडलेली, आणि एक मुलगा दर दोन मिनिटांनी चामड्यावर टिचकी मारून कान लावतोय. "झालं?" "नाय सर, अजून भद्द वाजता." सर घाई करत नाहीत. चामडं बोलेपर्यंत शमेळावर (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य) बोल पक्के करून घेतात, कांसाळं (धातूची झांज) कुणाच्या हाती द्यायचं ते ठरवतात. मग सगळे मिळून आरती धरतात. २०१९मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. सर म्हणतात, त्यानंतर मुलींची नावं जास्त येऊ लागली. वर्गाची फी महिन्याला ₹३००, सभासदांच्या मुलांना ₹२००. चवथीला आमच्या घरी यंदा कॅसेट लागली नाही.

नाटकाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. डिसेंबरात जत्रांचा हंगाम असतो आणि गावचीच माणसं संगीत नाटक बसवतात. नायक शिक्षक, नायिका कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्ट करणारी. दोन महिने तालमी झाल्या. तालमींना सभासदांना बसू देतात, हे कुठे लिहिलेलं नाही, विचारावं लागतं. आई सहा तालमींना बसल्या आणि त्यांना नायिकेपेक्षा जास्त पदं पाठ झाली.

प्रयोगाची वेळ ७. अंगणातला प्रयोग असला की १० वाजता माइक बंद करावाच लागतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ अशी बंदी आहे. सण-उत्सवाला मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, पण वर्षात फार तर १५ दिवस, आणि ती सूट काही आमच्या केंद्रासाठी राखून ठेवलेली नसते. बंद सभागृहाची गोष्ट वेगळी, पण तीनशे माणसं आत मावणार कुठे? पूर्वी जत्रेचं नाटक पहाटेपर्यंत चालायचं, तो काळ गेला हे सगळ्यांनाच माहीत आहे. तर हातात तीन तास. पडदा उघडला ७.२०ला आणि आत नाटक नव्हतं, सात खुर्च्या होत्या. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रत्येकाचे "दोन शब्द". आमच्या राखीव दोन रांगांत पाहुण्यांचे ड्रायव्हरसुद्धा बसलेले, आम्ही पाचव्या रांगेत. भाषणं संपली ८.१०ला. एका वक्त्याने "नाट्यकला जगली पाहिजे" असं चार वेळा सांगितलं आणि त्यात तिसऱ्या अंकातली दोन पदं मेली.

९.५५ला विंगेतून सचिव मनगटावरचं घड्याळ दाखवताना आम्हाला पाचव्या रांगेतून दिसत होते. नायिका प्रवेशाच्या मध्यावर. दहाला माइक बंद. ऑर्गनवाल्याने तिच्याकडे पाहिलं, तिने मान हलवली, आणि शेवटचं पद ती ओट्याच्या अगदी कडेला येऊन तशीच गायली. मागच्या रांगा उठून पुढे आल्या, पोरं जमिनीवर बसली. इको नाही, विहीर नाही. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या आवाजातला तो थोडा खरखरीत खर्ज मला नीट ऐकू आला. घरी जाताना आई स्कूटरवर मागून म्हणाल्या, "हे माइकवाल्याला पैसे कोण देता?"

पौषात धालोंचा (बायकांच्या पारंपरिक नाच-गाण्यांचा) कार्यक्रम जाहीर झाला होता: "धालो सादरीकरण, केंद्राचा रंगमंच." मला जायचंच नव्हतं. धालो मांडावरचा, म्हणजे वाड्यावरच्या ठरलेल्या अंगणातला. दोन रांगा समोरासमोर, एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. त्यात रंगमंच आला की एक रांग प्रेक्षकांना पाठमोरी होते, म्हणून मग सगळ्या बायका आमच्याकडे तोंड करून उभ्या राहतात आणि ते समूहगीत होतं. पण ज्या वाड्यावरच्या बायका येणार होत्या त्यांनीच सांगितलं, आमच्या मांडावर धालो चालू असताना आम्ही तो सोडून येणार नाही, बघायचं तर तुम्ही या. केंद्राने शहाणपणा केला आणि सभासदांना तिकडे नेलं. साधारण वीस जण होतो, तेवढ्यांना चांदणं पुरेसं होतं. आई मूळच्या काणकोणच्या, लग्नाआधी धालो खेळलेल्या. कोठाराच्या चार पायऱ्या चढताना त्या माझा खांदा धरतात. तिथे कुणीतरी "यो गे" म्हटलं आणि त्या चप्पल काढून गेल्या. शेजारणीच्या कंबरेभोवती हात, वाकून पुढे चार पावलं, मागे चार. अर्धा तास. दुसऱ्या दिवशी गुडघ्यांना तेल.

फेब्रुवारीतला तियात्र (कोकणी नाटक) हा एकमेव कार्यक्रम जो वेळेवर सुरू झाला, आणि तिकिटं आधीच संपलेली. त्यातल्या कांतारांना (गाण्यांना) मिळणाऱ्या टाळ्या बघून आमच्या मराठी नाटकवाल्यांनी थोडा अभ्यास करायला हरकत नाही.

बाकी किरकोळ: डास भरपूर, ओडोमॉस न्या. खुर्च्या प्लास्टिकच्या, तासाभराने पाठ बोलते. स्वच्छतागृह एकच पण स्वच्छ. मध्यंतरात चहा आणि पाव-भाजी, भाजी सुकी घ्या. वीज गेली तर इन्व्हर्टरवर दिवे चालतात, पंखे नाहीत.

आता एप्रिल ते जूनचं पत्रक आलंय (३ तारखेला). मुलांचं नाट्यशिबिर आहे, त्याला पाठवा, शिकवणारी दोघं चांगली आहेत. शेवटच्या दिवसाच्या प्रमाणपत्र-वाटपाला उशिरा पोचलात तरी चालेल. पेडण्याकडच्या मंडळीचा दशावतार आहे. यात संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या बोलतात, त्यामुळे रात्रभराचा खेळ अडीच तासांत कसा बसवतात ते बघायचंय. मुख्य कथेच्या आधी संकासुर (वेद चोरणारा राक्षस) येतो, मुलांना पुढे बसवा, भ्यायली तरी हलणार नाहीत. मे महिन्यात नाट्यगीतांची संध्याकाळ आहे, आत हॉलमध्ये, म्हणजे इकोसकट. तिला मी जाणार नाही. त्याच आठवड्यात तिची तालीम आहे, तिला जाईन. जूनमध्ये पत्रे बदलणार असं लिहिलंय. गेल्या जूनच्या पत्रकातही तेच होतं असं जुने सभासद सांगतात.

मी नूतनीकरण करणार आहे. कुणाला नवीन नाव घालायचं असेल तर कार्यालय गुरुवारी संध्याकाळी उघडतं, घुमटाच्या वर्गाच्या वेळेला. वेळ सहाची आहे. म्हणजे साडेसात.