पायएल्फटूल्ससोबत आठ महिने: पत्त्यावरून ओळ गाठताना

माझ्याकडे येणारा क्रॅश रिपोर्ट म्हणजे दहा-बारा आकड्यांची, म्हणजे मेमरीतल्या पत्त्यांची, उतरंड. फंक्शनचं नाव नाही, फाइल नाही, ओळ नाही. ग्राहकाकडे जाणारी बायनरी (कंपाइल केलेली फाइल) आम्ही स्ट्रिप करूनच, म्हणजे ही माहिती काढून टाकूनच, पाठवतो आणि डीबग माहिती असलेली मूळ प्रत स्वतःकडे ठेवतो, त्यामुळे यात नवल काही नाही. पूर्वी मी ती मूळ प्रत उघडून अ‍ॅडर-टू-लाइनला (पत्ता दिला की फाइल आणि ओळ सांगणाऱ्या टूलला) एकेक पत्ता भरवत बसायचे. आठवड्याला एखाद-दुसरा रिपोर्ट होता तोवर ते निभावलं. पुढे ढिगाने यायला लागले, तेव्हा पायथनमधली पायएल्फटूल्स ही लायब्ररी घेऊन स्वतःचं टूल लिहायला बसले. आठ महिने झाले, ते टूल रोज चालतंय, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

बसवायला काही त्रास नाही. सगळं शुद्ध पायथन आहे, दुसऱ्या कशावर अवलंबून नाही, सी कंपायलर लागत नाही. पहिल्याच संध्याकाळी वीसेक ओळींत फाइल उघडून सगळ्या फंक्शनांची नावं छापून झाली. एल्फ फाइल (लिनक्सवरच्या बायनरींचा फॉरमॅट) उघडायची, तिच्याकडून ड्वार्फची (डीबग माहिती लिहिण्याच्या पद्धतीतली) माहिती मागायची, एकेक कंपाइल युनिट (एकेका सोर्स फाइलीचा भाग) घ्यायचं आणि त्याच्या झाडावर फिरायचं. झाडाच्या प्रत्येक नोंदीला डाय म्हणतात. डायला एक टॅग असतो (फंक्शन, चल, स्ट्रक्चर, पॅरामीटर वगैरे) आणि पुढे अ‍ॅट्रिब्यूट्सची माळ: नाव, प्रकार, सुरुवातीचा पत्ता, कोणत्या फाइलीत, कितव्या ओळीवर.

(नावाची गंमत ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: फाइलीच्या फॉरमॅटला एल्फ म्हणतात, म्हणून त्याच्या जोडीदाराचं नाव ड्वार्फ, म्हणजे बुटका. त्याचा लांबलचक विस्तार नंतर ओढूनताणून बसवलेला आहे.)

त्या संध्याकाळी मला वाटलं, आठवड्यात काम उरकेल. आठवडा संपला तेव्हा टूल उत्तरं देत होतं, आणि त्यातली बरीच चुकीची होती.

यात लायब्ररीचा दोष काढणार नाही. पायएल्फटूल्स फाइलीत जे आहे ते जसंच्या तसं समोर ठेवते. त्याचा अर्थ लावणं तुमच्यावर सोडते. हा तिचा मोठा गुण आहे, आणि नवख्याला तोच तापदायक वाटतो. ड्वार्फची दुसरी आवृत्ती १९९३ची, चौथी २०१०ची, पाचवी २०१७ची, आणि जीसीसी या कंपायलरने ११व्या आवृत्तीपासून पाचवी ड्वार्फ आपोआप लिहायला सुरुवात केली. म्हणजे एकाच बायनरीत तुमचा कोड पाचव्या ड्वार्फमध्ये आणि कुणाकडून तयार आलेली एखादी जुनी लायब्ररी चौथ्या ड्वार्फमध्ये, असा संसार सर्रास दिसतो. प्रत्येक युनिटच्या हेडरमध्ये आवृत्ती लिहिलेली असते. ती दर वेळी बघायची, एवढं साधं काम मी केलं नव्हतं.

त्याचा फटका असा बसला. एका क्रॅशसाठी टूलने सांगितलं: रांगेचा कोड असलेली फाइल, ओळ ४१२. फाइल उघडली तर तिच्यात मुळात ३०० ओळीसुद्धा नव्हत्या. मला आधी वाटलं मूळ प्रतच चुकीची उचलली. बिल्ड आयडी (त्या बिल्डची ओळखखूण) ताडून पाहिला, जुळत होता. दोन दिवस गेल्यावर कळलं की चौथ्या ड्वार्फपर्यंत लाइन टेबलातल्या (पत्त्यावरून ओळ सांगणाऱ्या भागातल्या) फाइलींचे क्रमांक १ पासून सुरू होतात आणि पाचव्यात ० पासून. पायएल्फटूल्स फाइलींची यादी साध्या पायथन लिस्टच्या रूपात देते, तेव्हा चौथ्यासाठी क्रमांकातून एक वजा करायचा आणि पाचव्यासाठी करायचा नाही. मी सरसकट वजा करत होते. सगळ्या नव्या युनिट्समध्ये प्रत्येक उत्तर एका फाइलने सरकलेलं होतं. चुकीचं नाव दिसायला इतकं रास्त असतं की संशय येत नाही. ओळींची संख्या कमी पडली नसती तर अजून महिनाभर कळलं नसतं. डिरेक्टरींच्या क्रमांकांनाही हाच नियम आहे, तो दुसऱ्या दिवशी कळला.

लाइन टेबलाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मला स्वतःला यातच सर्वांत जास्त मजा आली. पत्ता आणि ओळ यांचा सरळ तक्ता फाइलीत नसतो. तसा लिहिला तर तो फार जागा खाईल. त्याऐवजी एका छोट्या यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम असतो, आणि तो चालवला की तक्ता ओळीओळीने बाहेर पडतो. समजा त्या प्रोग्रॅममधला एक बाइट आहे ७५. हेडरमध्ये लिहिलंय: ऑपकोड बेस १३, लाइन बेस उणे ५, लाइन रेंज १४. ७५ मधून १३ गेले, उरले ६२. त्याला १४ ने भागलं की भागाकार ४, बाकी ६. भागाकाराचा अर्थ पत्ता ४ बाइट पुढे (हे इंटेलच्या प्रोसेसरवर; जिथे किमान इन्स्ट्रक्शन लांबी मोठी असते तिथे तितक्या पटीने). बाकीत लाइन बेस मिळवायचा: ६ उणे ५, म्हणजे ओळ एकाने पुढे. एका बाइटात दोन्ही पावलं. लाइन बेस उणे का, तर ऑप्टिमायझर (कंपायलरचा कोड वेगवान करणारा भाग) कोड मागेपुढे करतो आणि पत्ता पुढे जात असताना ओळ मागे जाऊ शकते. हे सगळं पायएल्फटूल्स करून देते आणि वर प्रत्येक पावलाची कमांड, तिचे आकडे आणि तक्त्याची ओळ बाहेर पडते तेव्हा यंत्राची त्या वेळची अवस्थाही हातात देते. हाताने दोन-चार बाइट सोडवून मग तिच्या उत्तराशी ताडून पाहिल्यावर माझी भीती गेली.

फक्त एक लक्षात ठेवायचं: सीक्वेन्स (सलग पत्त्यांचा एक गट) संपल्याची खूण आली की मागची अवस्था टाकून द्यायची. नाही टाकली तर दोन सीक्वेन्समधली रिकामी जागा आधीच्या शेवटच्या ओळीच्या गळ्यात पडते.

पुढची चूक जास्त लाजिरवाणी. स्टॅकमध्ये (कुणी कुणाला कॉल केला त्या उतरंडीत) वरची फ्रेम, म्हणजे जिथे क्रॅश झाला ते फंक्शन, सोडली तर बाकीचे पत्ते परतीचे असतात, म्हणजे कॉल झाल्यानंतरच्या इन्स्ट्रक्शनचे. फंक्शनच्या अगदी शेवटी अ‍ॅबॉर्टसारखा न परतणारा कॉल असेल, तर परतीचा पत्ता कधी कधी पुढच्याच फंक्शनच्या दारात जाऊन पडतो. माझं टूल त्या शेजारच्या फंक्शनचं नाव सांगत होतं, आणि ते फंक्शन आमच्या एका सहकाऱ्याचं होतं. तीन आठवडे तो बिचारा आपला निर्दोष कोड उलटसुलट तपासत होता. उपाय काय, तर वरची फ्रेम सोडून प्रत्येक पत्त्यातून १ वजा करून मग शोध घ्यायचा. त्याची माफी मागितली, आणि तो अजूनही संधी मिळेल तेव्हा आठवण करून देतो.

फंक्शनचा शेवट काढतानाही आवृत्तीचा खोडा आहे. हाय-पीसी हे अ‍ॅट्रिब्यूट कधी पूर्ण पत्ता असतं, कधी सुरुवातीपासूनचं अंतर. चौथ्या ड्वार्फपासून दोन्ही चालतात. ते कोणत्या फॉर्ममध्ये लिहिलंय हे बघून ठरवायचं. लायब्ररीसोबत येणाऱ्या उदाहरणांत हे नीट हाताळलेलं आहे, तिथून उचला. मी सुरुवातीलाच ती उदाहरणं वाचली असती तर या लेखाची लांबी निम्मी झाली असती.

इनलाइन फंक्शनांनी (कॉल न करता जागच्या जागी चिकटवलेल्या) मात्र दमवलं. ऑप्टिमाइझ केलेल्या बिल्डमध्ये एकाच पत्त्यावर तीन-चार फंक्शनं एकात एक बसलेली असतात. तिथल्या डायला नावच नसतं. असते ती अ‍ॅब्स्ट्रॅक्ट ओरिजिन नावाची बोटखूण, की मूळ नोंद तिकडे आहे. तिकडे गेलात की सी प्लस प्लसमध्ये आणखी एक बोटखूण, स्पेसिफिकेशनची, जी क्लासच्या आतल्या घोषणेकडे नेते. नाव अखेर तिथे सापडतं. अ‍ॅट्रिब्यूट्स पायथनच्या डिक्शनरीत मिळतात, त्यामुळे नाव सरळ मागितलंत आणि ते नसलं की की-एररने टूल कोसळतं. क्रॅश शोधणारं टूल स्वतः क्रॅश होताना पाहणं हा वेगळाच अनुभव. आणि हो, नाव मिळालं तरी ते बाइट्सच्या रूपात मिळतं, डीकोड करायला विसरू नका.

चलांच्या किमती काढण्याचा नाद मी जवळपास सोडला. ऑप्टिमायझेशन नसेल तर सोपं आहे: चलाच्या जागेसाठी बहुतेकदा दोनच बाइट असतात, उदाहरणार्थ १४५ आणि १०८. १४५ म्हणजे ‘फ्रेमच्या पायापासून मोजा’, आणि १०८ ही चिन्हासह लिहिलेली संख्या: सात बिटांतला सर्वांत वरचा बिट चढलेला, म्हणून १०८ उणे १२८, म्हणजे उणे २०. ऑप्टिमायझेशन चालू केलं की त्या दोन बाइटांच्या जागी याद्या येतात: इथपासून इथपर्यंत या रजिस्टरमध्ये, पुढे त्या रजिस्टरमध्ये, आणि मध्ये कुठेच नाही. ती किंमत खरोखरच त्या क्षणी अस्तित्वात नसते. कोणतीही लायब्ररी ती कुठून आणणार?

ज्यासाठी मी पायएल्फटूल्सला मनापासून दाद देते ते काम दुसरंच. आमच्या दोन मॉड्यूल्समध्ये काही स्ट्रक्चर्स मेमरीतून जशीच्या तशी इकडून तिकडे जातात. कुणी मध्येच एक फील्ड घातलं की पलीकडचं सगळं सरकतं. आता प्रत्येक बिल्डनंतर टूल दोन्ही बायनरींमधली स्ट्रक्चर्स काढून प्रत्येक फील्डचा ऑफसेट (सुरुवातीपासूनचं अंतर) ताडून बघतं. शंभरेक ओळींचा कोड, आणि आजवर त्याने चार वेळा आम्हाला वाचवलंय. जाता जाता फील्डांमधल्या वाया जाणाऱ्या पोकळ्याही दिसतात: एक कॅरेक्टर, मग चार बाइटांचा पूर्णांक, मग पुन्हा एक कॅरेक्टर असं लिहिलं की १२ बाइट लागतात, पूर्णांक आधी घेतला की ८. फक्त पोकळ्याच बघायच्या असतील तर पाहोल हे तयार टूल आहे, ते वापरा. बिटफील्डना (मोजक्या बिटांच्या फील्डना) मात्र जपून हात घाला, जुन्या पद्धतीत बिट वरच्या टोकापासून मोजतात आणि चौथ्या ड्वार्फने आणलेल्या नव्या पद्धतीत स्ट्रक्चरच्या सुरुवातीपासून. आणि नुसती घोषणा असलेल्या स्ट्रक्चरला आकारच नसतो, ते आधीच गाळा.

आता वेग. इथे गोड बोलण्यात अर्थ नाही: ही लायब्ररी हळू आहे. छोट्या फाइलींना जाणवत नाही, पण आमच्या सर्वांत मोठ्या बायनरीच्या पूर्ण झाडावर फिरायला ती इतका वेळ घ्यायची की मी ते काम रात्री लावून निघून जायचे. शिवाय वाचलेल्या डाय ती स्मरणात धरून ठेवते, त्यामुळे मेमरीही चढत जाते. मी दोन गोष्टी केल्या. प्रत्येक फाइल वेगळ्या प्रोसेसमध्ये वाचायची, म्हणजे संपली की मेमरी मोकळी. आणि प्रत्येक बिल्ड एकदाच वाचून पत्त्यांचा तक्ता एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये टाकायचा, किल्ली म्हणून बिल्ड आयडी. नंतरचे सगळे शोध त्या तक्त्यात, तेही क्षणात. पत्त्यावरून युनिट गाठण्यासाठी अ‍ॅरेंजेस नावाचा तयार सेक्शन असतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. क्लँग हा कंपायलर तो आपणहून लिहीत नाही. मी युनिटच्या रेंजेसवरून स्वतःचीच अनुक्रमणिका बांधते. एवढं करूनही वेळ पुरत नसेल तर रस्ट भाषेतली गिमली ही लायब्ररी बघा. ती लागेल तेवढंच वाचते आणि रस्टची स्वतःची स्टँडर्ड लायब्ररी बॅकट्रेससाठी तीच वापरते.

डॉक्युमेंटेशन तोकडं आहे. मार्गदर्शक पान आणि उदाहरणं आहेत, बाकी कोडच वाचायचा. खरी पुस्तिका म्हणजे ड्वार्फचं मूळ मानकच. ते बाजूच्या खिडकीत उघडं नसेल तर या लायब्ररीच्या वाटेला जाऊ नका. सोबत रीडएल्फची (एल्फ फाइलीतली माहिती छापणाऱ्या टूलची) पायथन नक्कल येते, आणि लायब्ररीच्या चाचण्या तिचं आउटपुट अस्सल रीडएल्फशी ताडून बघतात. हीच सवय मी उचलली: माझ्या टूलच्या प्रत्येक नव्या उत्तरामागे आधी अ‍ॅडर-टू-लाइनचं उत्तर काढून ठेवते, दोन्ही जुळली तरच पुढे. विंडोजच्या पीडीबी (डीबग माहितीच्या) फाइलींसाठी किंवा मॅकच्या बायनरींसाठी ही लायब्ररी नाही. ती एल्फपुरतीच आहे.

परवा एका सहकाऱ्याने टूलमध्ये बग आहे म्हणून नोंद टाकली. टूल म्हणत होतं, फाइल बरोबर, ओळ ०. ‘शून्यावी ओळ कुठे असते का?’ असा त्याचा प्रश्न. असते: मूळ कोडमधल्या कोणत्याच ओळीशी जोडता येणार नाही अशी इन्स्ट्रक्शन कंपायलरने घातली की तो तिथे शून्य लिहितो. मी टूलमध्ये शून्याच्या जागी ‘कंपायलरने घातलेला कोड’ असं छापायला लावलं, सोबत त्या आधीची शेवटची खरी ओळही, आणि नोंद बंद केली.