घराच्या डाउन पेमेंटसाठी पोस्टाची आर.डी. : पाच वर्षांच्या अनुभवानंतरचा अभिप्राय

सप्टेंबर 2020 मध्ये मी पोस्टात दरमहा 10,000 रुपयांचे आवर्ती ठेव खाते, म्हणजे आपण सगळे ज्याला आर.डी. म्हणतो ते खाते, उघडले आणि सप्टेंबर 2025 मध्ये त्याची मुदत पूर्ण झाली. पिंपरी-चिंचवडमध्ये स्वतःचे घर घेण्यासाठी हाताशी रोख रक्कम असावी, हा एकच हेतू त्यामागे होता. पाच वर्षे ज्या योजनेभोवती घरातला प्रत्येक खर्च आखला, तिच्याविषयी व्याजदराच्या तक्त्यापलीकडचे काही सांगता येईल असे वाटल्यामुळे हा अभिप्राय लिहीत आहे.

योजना साधी आहे. किमान हप्ता 100 रुपये असून त्यापुढे 10 रुपयांच्या पटीत कितीही रक्कम ठरवता येते आणि 60 हप्ते भरावे लागतात. व्याजाची आकारणी तिमाही चक्रवाढीने होते, आणि खाते उघडताना जो दर असेल तोच शेवटपर्यंत कायम राहतो. मी खाते उघडले तेव्हा दर 5.8 टक्के होता. त्यामुळे 6 लाख रुपये भरून मुदतीअखेर सुमारे 6 लाख 97 हजार रुपये हाती आले. ऑक्टोबर 2023 पासून हाच दर 6.7 टक्के झाला, म्हणजे त्यानंतर खाते उघडणाऱ्याला त्याच हप्त्यावर सुमारे 7 लाख 13 हजार 600 रुपये मिळतात. दर वाढल्याचे वाचले तेव्हा मला हळहळ वाटली, हे खरे आहे. मात्र दर उतरला असता तर त्याच नियमाने माझे रक्षण केले असते, हेही तितकेच खरे आहे.

घरासाठी किती रक्कम लागते याचा हिशेब बहुतेक लोक अर्धवट करतात. आम्हीही तसाच केला होता. बँक घराच्या किमतीच्या 90 टक्के कर्ज देते असे ऐकून आम्ही 10 टक्क्यांची तयारी पुरेशी धरली होती. प्रत्यक्षात रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपर्यंतच्या कर्जालाच 90 टक्क्यांची मर्यादा लागू आहे; 30 ते 75 लाखांच्या कर्जासाठी ती 80 टक्के आहे, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्क त्या किमतीत सहसा धरले जात नाही. आम्ही घेतलेला 42 लाखांचा फ्लॅट भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यास तयार असल्याचा दाखला, मिळालेला असल्यामुळे त्यावर जी.एस.टी. लागला नाही. तरीही किमतीच्या 20 टक्क्यांप्रमाणे 8 लाख 40 हजार, 30,000 रुपये नोंदणी शुल्क आणि मुद्रांक शुल्क एवढी रक्कम आम्हाला स्वतःच उभी करायची होती. आमच्या शहरात मुद्रांक शुल्क सर्व अधिभार धरून 7 टक्के पडते. घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतल्यास 1 टक्क्याची सवलत मिळते. आम्ही ते माझ्या एकटीच्या नावावर घेतल्यामुळे 2 लाख 52 हजार रुपयांत काम भागले. सगळे मिळून आकडा 11 लाख 22 हजारांवर गेला. त्यातला मोठा वाटा आर.डी.ने उचलला, एका बँकेतील दोन वर्षांच्या छोट्या आर.डी.मधून सुमारे एक लाख आले आणि उरलेली रक्कम यजमानांच्या पी.एफ.मधून घेतली.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. पाच वर्षे दरमहा 10,000 रुपये भरणे हे मनाच्या निश्चयापेक्षा घरखर्चाच्या आखणीवर अवलंबून असते, आणि हप्ता ठरवताना केलेली चूक पुढची सगळी वर्षे छळते. टाळेबंदीच्या काळात आमच्या दोघांच्या पगारातून, घरभाडे 11,500 रुपये देऊनही, 15,000 ते 16,000 रुपये शिल्लक राहत होते आणि तेवढ्याच रकमेची आर.डी. करावी असा यजमानांचा आग्रह होता. सासूबाईंनी मात्र स्पष्ट सांगितले, "अरे, आत्ता पेट्रोल नाही, शाळेची रिक्षा नाही, लग्नकार्याचे आहेर नाहीत, हे सगळे परत सुरू होईल तेव्हा काय करशील?" त्यांचे म्हणणे आम्ही मानले आणि 10,000 वर थांबलो. वर्षभरात सगळे पूर्ववत सुरू झाले, आणि 15,000 चा हप्ता आम्हाला झेपला नसता हे दिसून आले. सर्वांत चांगल्या महिन्याची शिल्लक पाहून हप्ता ठरवू नये. वर्षातल्या सर्वांत ओढाताणीच्या महिन्यातही जो भरता येईल तोच ठरवावा, हे या योजनेबाबतचे माझे पहिले सांगणे आहे.

आमच्याकडे तो ओढाताणीचा महिना जूनचा असतो. 2021 च्या जूनमध्ये मुलीच्या शाळेची फी आणि विम्याचा वार्षिक हप्ता एकाच आठवड्यात आले आणि माझा आर.डी.चा हप्ता चुकला. चुकलेल्या हप्त्यावर दर 100 रुपयांमागे महिन्याला 1 रुपया दंड असतो, म्हणून 100 रुपये भरावे लागले. शिवाय आधी थकलेला हप्ता दंडासह आणि मगच चालू हप्ता, असा क्रम असल्यामुळे जुलैमध्ये एकदम 20,100 रुपये उभे करावे लागले. लागोपाठ चार हप्ते थकले तर खाते खंडित होते आणि ते पुन्हा सुरू करण्यासाठी केवळ दोन महिने मिळतात, हेही तेव्हाच कळले. दंडाची रक्कम लहान होती, परंतु त्या महिन्यात मला घरखर्चाच्या वहीतली खरी उणीव सापडली. आम्ही महिन्याचे खर्च लिहीत होतो, वर्षातून एकदा येणारे खर्च मात्र कोठेच धरत नव्हतो.

त्यानंतर मी वहीत एक स्वतंत्र पान केले. शाळेची फी, विमा, दिवाळी, दुचाकीची दुरुस्ती आणि उन्हाळ्यात भरायचे साठवणीचे गहू, तूरडाळ व तिखट यांची वर्षाची बेरीज करून तिला बाराने भागले आणि तेवढी रक्कम दरमहा वेगळ्या बचत खात्यात टाकू लागले. साठवणीचे धान्य एकदम घेतल्याने वर्षभरात पैसे वाचतात, यात शंका नाही. परंतु एप्रिलमध्ये त्यासाठी हातात रोकड नसेल तर तीच काटकसर आर.डी.च्या हप्त्यावर उठते. हे पान सुरू केल्यापासून एकही हप्ता चुकला नाही.

दुसरी गळती वरखर्चाची होती. नोव्हेंबर 2021 चे पान अजून माझ्यासमोर आहे. त्यात दीड लिटर रोजचे दूध 2,340 रुपये, किराणा 6,180, भाजी आणि फळे 2,600, गॅस, वीज, मोबाइल असे सगळे अपेक्षेप्रमाणे आहे. वरखर्च मात्र आमच्या अंदाजाने 2,000 रुपये असायला हवा होता, तो 4,870 रुपये निघाला. त्यात मोठी अशी एकही नोंद नाही. बेकरीतून खारी आणि टोस्ट 90, कंटाळा आला म्हणून रिक्षा 65, विसरलेले दही दहा मिनिटांत घरपोच मागवताना त्याच्यासोबत घेतलेले आणखी चार जिन्नस 310, अशा ओळींनी दीड पान भरले आहे. यातले जवळजवळ सर्व पैसे मोबाइलवरून गेले होते. हाताने नोट मोडताना जो क्षणभर विचार होतो, तो तिथे होत नाही, असे माझे मत आहे.

यावर आम्ही एक जुनाच उपाय केला. दर सोमवारी सकाळी 700 रुपये रोख, शक्यतो पन्नास आणि शंभरच्या नोटांत, स्वयंपाकघराच्या फळीवरील पितळी डब्यात ठेवायचे आणि आठवड्याचा सगळा वरखर्च त्यातूनच करायचा. डबा गुरुवारीच रिकामा झाला तर पुढच्या आठवड्यातून उचल घ्यायची नाही. पहिले दोन महिने डबा खरोखरच गुरुवारी रिकामा व्हायचा, आणि मुलगी शुक्रवारी झाकण उघडून पाहायची तेव्हा वाईटही वाटायचे. नंतर मात्र रविवारी संध्याकाळी त्यात 80 किंवा 100 रुपये उरू लागले. ते आम्ही मुलीच्या हाताने वेगळ्या पाकिटात ठेवत असू, आणि तिच्या सायकलीचे पैसे त्यातूनच उभे राहिले.

या सगळ्याशी आर.डी.चा संबंध असा, की हप्त्याची तारीख हीच घरखर्चाची सुरुवात ठरते. महिन्याच्या 15 तारखेपर्यंत उघडलेल्या खात्याचा हप्ता दरमहा 15 तारखेपर्यंत भरायचा असतो आणि त्यानंतर उघडलेल्या खात्याचा महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत. माझे खाते 8 तारखेला उघडले गेले, त्यामुळे पगार झाल्यावर आठवड्याभरात हप्ता जात असे आणि राहिलेल्या पैशांतच महिना काढावा लागे. महिनाअखेरची मुदत घेतली असती तर उरेल तेवढे भरू, या भरवशावर आम्ही राहिलो असतो, आणि आमच्या घरात महिनाअखेर काहीच उरत नसे. पगार पहिल्या आठवड्यात होणाऱ्यांनी खाते पंधरा तारखेच्या आतच उघडावे, असे मी आग्रहाने सांगेन.

हप्ता भरण्यासाठी माझ्याकडे एक अल्पबचत एजंट काकू येत. या कामासाठी महिलांना सरकारतर्फे नेमले जाते, त्यांचे कमिशन सरकार देते आणि खातेदाराला वेगळे काही द्यावे लागत नाही. पाच वर्षांत काकूंनी एकही खाडा केला नाही. दहा तारखेला त्यांची हाक जिन्यातून आली, की पाकीट तयार ठेवलेले असे. तरीही नव्याने खाते उघडणाऱ्यांना एक सूचना करते: एजंटच्या कार्डावरची सही ही आपली सोय असते, खात्यात पैसे जमा झाल्याचा पुरावा पासबुकातील नोंद हाच असतो, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी पासबुक भरून आणावे. काकूंनी स्वतःच मला हे पहिल्या दिवशी सांगितले होते.

योजनेच्या दोन सवलती फारशा कोणी वापरत नाही. सहा हप्ते आगाऊ भरल्यास मासिक हप्त्याच्या दर 100 रुपयांमागे 10 रुपये आणि बारा हप्ते आगाऊ भरल्यास 40 रुपये सूट मिळते. आम्ही 2022 च्या दिवाळीत दोघांचा बोनस एकत्र करून सहा हप्ते भरले, त्यात 1,000 रुपये वाचले आणि सहा महिने मनाला स्वस्थता मिळाली. दुसरी सवलत कर्जाची. बारा हप्ते आणि एक वर्ष पूर्ण झाल्यावर शिल्लक रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते आणि त्याचा व्याजदर खात्याच्या दरापेक्षा 2 टक्के अधिक असतो. सासऱ्यांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी 60,000 रुपये आम्ही असेच 7.8 टक्क्यांनी घेतले. सोने गहाण ठेवण्याची किंवा कोणाकडे हातउसने मागण्याची वेळ आली नाही, आणि खातेही अबाधित राहिले.

उणिवा आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. तीन वर्षे पूर्ण होण्याआधी खाते बंद करता येत नाही, आणि त्यानंतर मुदतीच्या एक दिवस आधी जरी बंद केले तरी केवळ बचत खात्याच्या दराने, म्हणजे 4 टक्क्यांनी व्याज मिळते. 2024 च्या उन्हाळ्यात आम्हाला मनासारखा फ्लॅट दिसला होता; या नियमामुळे आणि एकूण रक्कम अपुरी असल्यामुळे तो सोडावा लागला. ज्यांना दोन-तीन वर्षांत घर घ्यायचे आहे त्यांनी ही योजना घेऊ नये. त्यांच्यासाठी बँकेची कमी मुदतीची आर.डी. अधिक सोयीची ठरेल. दुसरी आणि माझ्या दृष्टीने अधिक गंभीर उणीव अशी, की व्याज घराच्या किमतीच्या मागेच राहते. ज्या परिसरात आम्ही 2020 मध्ये 36 लाखांचा फ्लॅट पाहिला होता, तिथेच तशाच फ्लॅटला 2025 मध्ये 42 लाख मोजले. त्यामुळे आमचा 20 टक्क्यांचा वाटाच 1 लाख 20 हजारांनी वाढला, आणि पाच वर्षांचे व्याज 97,000 रुपयांच्या आसपास होते. व्याज करपात्र उत्पन्नात धरले जाते, ते वेगळेच. म्हणून पगार वाढेल तसतशी बँकेत दुसरी लहान आर.डी. जोडत जावे, आम्ही ती 2023 मध्ये दरमहा 4,000 रुपयांची सुरू केली, खरे तर 2022 मध्येच करायला हवी होती.

अधिक व्याजासाठी पतसंस्थेत पैसे ठेवण्याचा सल्ला आम्हालाही मिळाला होता. बँकेतील ठेवींना 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतील ठेवींना ते नसते, आणि पोस्टातील रकमेची हमी केंद्र सरकारची असते. आमच्या नात्यातील एका कुटुंबाची घरासाठीची सगळी पुंजी अशाच एका संस्थेत अडकलेली मी पाहिली आहे. ज्या पैशांवर खरेदीखताची तारीख ठरणार आहे, ते एक-दोन टक्क्यांसाठी धोक्यात घालू नयेत, असे मला मनापासून वाटते.

शेवटी मुदतपूर्तीविषयी. एवढी रक्कम रोख मिळत नाही, त्यामुळे पोस्टात बचत खाते आधीच उघडून ठेवावे. आर.डी.चे पैसे त्यात जमा होतात आणि तेथून बँकेत वळवता येतात. खाते उघडताना वारसाची नोंद केली आहे ना, हेही तेव्हाच पाहून घ्यावे. मी पासबुक आणि अर्ज महिनाभर आधी तपासून ठेवला होता, आणि दुय्यम निबंधक कार्यालयातील तारीख मुदतीनंतर पंधरा दिवसांनी घेतली होती. ऑक्टोबरमध्ये आम्ही नव्या घरात राहायला आलो. पितळी डबा इथेही फळीवर आहे, सोमवारचे 700 रुपये आता 800 झाले आहेत, आणि घराच्या रंगकामासाठी दरमहा 2,000 रुपयांची नवी आर.डी. काकूंकडेच सुरू केली आहे.